हॉस्पिटलमधून रुग्णांची माहिती फुटली, तर सरकार नेमकं काय तपासतं?

सोलापुरात 40 खाटांचं हॉस्पिटल चालवणाऱ्या एका सर्जननी विचारलेला प्रश्न असा: "आमचे केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, बिलं, मेडिक्लेमच्या फायली सगळं संगणकावर आहे. नव्या डेटा कायद्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे असं ऐकलं. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे आणि ती म्हणते, जबाबदारी आमची, तुम्ही निश्चिंत राहा. उद्या कुणी हॅक केलं तर सरकार आम्हाला धरणार की कंपनीला? परदेशात असे दंड खरंच होतात का? आणि आम्ही आत्ता काय करायचं?"

डॉक्टरसाहेब, कंपनीच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. धरलं जाईल ते तुम्हाला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 याच्या कलम 8 नुसार, माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो तो जबाबदार असतो. काम दुसऱ्याकडे सोपवलेलं असो, करारात काहीही लिहिलेलं असो, ही जबाबदारी सरकत नाही. रुग्ण तुमच्या दारात आला, केसपेपरवर तुमच्या हॉस्पिटलचं नाव आहे आणि सॉफ्टवेअर कंपनी तुमच्या वतीनं काम करते. तिच्याकडून चूक झाली तर करारानुसार तुम्ही तिच्याकडे नुकसानभरपाई मागू शकाल, पण डेटा संरक्षण मंडळापुढे (याच कायद्यानं चौकशी आणि दंडासाठी नेमलेलं मंडळ) उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. "जबाबदारी आमची" हे वाक्य तुमच्या करारात कुठे आहे ते आजच शोधा. सोलापूर, धाराशिव, पंढरपूरकडच्या हॉस्पिटलांचे असे करार मी कामानिमित्त वाचतो. त्यांत बहुतेक वेळा उलटंच कलम सापडतं: डेटा गेला तर कंपनी जास्तीत जास्त एका वर्षाच्या फीइतकी रक्कम देईल, आणि काही करारांत तेवढंही नाही.

आता 250 कोटी. हा कमाल आकडा आहे आणि तो सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल आहे. माहिती फुटल्याचं मंडळाला आणि रुग्णांना न कळवल्याबद्दल वेगळा, 200 कोटींपर्यंतचा दंड आहे. दंड ठरवताना मंडळानं काय पाहायचं ते कलम 33 मध्ये आहे: चुकीचं गांभीर्य आणि ती किती काळ चालली, माहिती कोणत्या प्रकारची होती, चूक पुन्हा पुन्हा झाली का, नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत आणि किती लवकर, आणि दंडाचा तुमच्यावर काय परिणाम होईल. 40 खाटांच्या हॉस्पिटलला 250 कोटी लावले जातील असं म्हणणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकायला आलेला असतो. मला मात्र त्या 200 कोटींच्या कलमाची जास्त काळजी वाटते. आपल्याकडे माहिती फुटली की पहिली प्रतिक्रिया "बाहेर बोलू नका" हीच असते, आणि कायदा नेमका त्याच प्रतिक्रियेवर बोट ठेवतो.

परदेशात दंड होतात का? होतात, मोठ्यांना होतात आणि अगदी छोट्या दवाखान्यांनाही होतात. त्या प्रकरणांची निकालपत्रं वाचत गेलं की दिसतं, हॅकर आत शिरला एवढ्यावरून सहसा कुणाला शिक्षा होत नाही. तपासणारे तीन गोष्टी विचारतात. धोका कुठे आहे हे तुम्ही कधी पाहिलं होतं का? पाहिलं असेल तर त्यावर काय केलंत? आणि फुटल्याचं कळल्यावर किती दिवसांनी सांगितलंत?

अमेरिकेत हे काम आरोग्य खात्याचं नागरी हक्क कार्यालय करतं. रुग्णांच्या माहितीच्या गोपनीयतेचा तिथला 'हिपा' हा कायदा 1996 चा. 500 किंवा जास्त लोकांची माहिती फुटली तर जास्तीत जास्त 60 दिवसांत कळवावं लागतं आणि ती घटना सरकारी संकेतस्थळावर सगळ्यांना दिसेल अशी लागते. 'अँथम' या विमा कंपनीनं 2018 मध्ये 1 कोटी 60 लाख डॉलर भरले. जवळजवळ 7 कोटी 90 लाख लोकांची माहिती गेली होती. त्यातलं महत्त्वाचं निरीक्षण हे की कंपनीनं संपूर्ण व्यवस्थेचं धोक्याचं मूल्यमापन केलेलंच नव्हतं. हाच शेरा पुढे अगदी छोट्या प्रकरणांतही येत राहतो. मेरीलँडमधल्या 'ग्रीन रिज' नावाच्या मानसोपचार केंद्रावर रॅन्समवेअरचा (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा) हल्ला झाला, 14 हजारांवर रुग्णांची माहिती अडकली आणि 2024 मध्ये 40 हजार डॉलर भरावे लागले. ओक्लाहोमातल्या एका रुग्णवाहिका सेवेनं त्याच वर्षी 90 हजार डॉलर भरले. दोन्हीकडे मूळ दोष एकच, नीट मूल्यमापन नाही. पैशांबरोबर दोन-तीन वर्षांची देखरेख मागे लागते: धोरणं लिहा, कर्मचाऱ्यांना शिकवा, अहवाल पाठवा. छोट्या संस्थेला दंडापेक्षा ही देखरेख जड जाते, आणि माझ्या मते रुग्णांच्या दृष्टीनं उपयोगाची तीच असते.

तुमच्या परिस्थितीशी सगळ्यात जवळचं प्रकरण पोर्तुगालचं आहे. लिस्बनजवळच्या बारेरो-मोंतिजो इथल्या सरकारी रुग्णालयाला 2018 मध्ये 4 लाख युरोंचा दंड झाला. तिथे कुणी हॅकर नव्हता. रुग्णालयात डॉक्टर होते 296 आणि संगणकात 'डॉक्टर' म्हणून चालू असलेली खाती होती 985. सोडून गेलेल्यांची खाती तशीच राहिली होती आणि वैद्यकीय फायली पाहण्याची गरज नसलेल्यांनाही त्या उघडता येत होत्या. रुग्णालयानं सांगितलं की संगणक प्रणाली आरोग्य मंत्रालयानं दिलेली आहे. ते मान्य झालं नाही. तुमची कंपनी आणि तुम्ही यांच्यात उद्या हाच वाद होऊ शकतो.

मी कोणत्याही हॉस्पिटलमध्ये गेलो की पहिल्यांदा वापरकर्त्यांची यादी मागतो. पगारपत्रक एका हातात, यादी दुसऱ्या हातात. सोडून गेलेले आरएमओ (निवासी डॉक्टर), लग्न होऊन हैदराबादला गेलेली सिस्टर, दोन वर्षांपूर्वी काढलेला बिलिंगचा मुलगा, सगळे त्या यादीत 'चालू' असतात. त्याहून वाईट म्हणजे 'रिसेप्शन' नावाचं एकच खातं, तीन पाळ्यांमधले सगळे तेच वापरतात आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला. अशा ठिकाणी फाइल कुणी उघडली हे कुणीच सांगू शकत नाही. नेदरलँड्समधल्या हेगच्या हागा रुग्णालयाला 2019 मध्ये 4 लाख 60 हजार युरोंचा दंड झाला, तो कशावरून? एक टीव्हीवरची प्रसिद्ध व्यक्ती दाखल झाली आणि उपचारांशी काही संबंध नसलेल्या डझनावारी कर्मचाऱ्यांनी तिची फाइल उघडून पाहिली. कोण काय उघडतंय यावर नियमित लक्ष नव्हतं, असं नियामकानं म्हटलं. पुढे न्यायालयानं रक्कम साडेतीन लाखांवर आणली, दोष मात्र कायम राहिला. आपल्याकडे एखादा नगरसेवक किंवा कारखान्याचा चेअरमन दाखल झाला की त्याला काय झालंय हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर कसं पोचतं, याचा विचार करा.

फिनलंडचं 'वास्तामो' प्रकरण मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. मानसोपचार देणारी ही खासगी साखळी. तिचा डेटाबेस इंटरनेटवरून थेट गाठता येत होता आणि सर्वोच्च अधिकाराच्या खात्याला पासवर्डच नव्हता. समुपदेशनात रुग्णांनी सांगितलेल्या अत्यंत खासगी गोष्टींच्या नोंदी चोरीला गेल्या. 2020 मध्ये चोरानं आधी कंपनीकडे आणि मग थेट रुग्णांकडे खंडणी मागितली, प्रत्येकाकडे सुमारे 200 युरो, नाहीतर तुमच्या नोंदी जाहीर करतो अशी धमकी. रुग्ण 30 हजारांहून जास्त. नियामकानं 6 लाख 8 हजार युरोंचा दंड केला आणि त्यात ठपका होता की मार्च 2019 मध्येच कंपनीला हल्ल्याची कल्पना आलेली असणार, तरी तिनं ना सरकारला कळवलं ना रुग्णांना. दंडाचा आदेश येण्याआधीच कंपनी दिवाळखोरीत गेली होती. चोराला 2024 मध्ये सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली. ज्या रुग्णांनी विश्वासानं मन मोकळं केलं त्यांचं काय झालं असेल, याचा विचार केला की मला दंडाचा आकडा फार लहान वाटतो.

उशिराचं दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. 'ऑस्ट्रेलियन क्लिनिकल लॅब्ज' या पॅथॉलॉजी साखळीनं डिसेंबर 2021 मध्ये 'मेडलॅब' ही लॅब विकत घेतली. दोन महिन्यांत त्या लॅबच्या संगणकांवर हल्ला झाला आणि 2 लाख 23 हजार लोकांची माहिती गेली. सरकारच्या सायबर यंत्रणेनं मार्चमध्ये कंपनीला विचारलं, जूनमध्ये माहिती डार्क वेबवर (चोरीचा माल विकला जातो त्या छुप्या इंटरनेटवर) आल्याचं सांगितलं. कंपनीनं नियामकाला कळवलं ते जुलैमध्ये. ऑक्टोबर 2025 मध्ये तिथल्या संघीय न्यायालयानं 58 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड लावला. त्यात एक हिस्सा सुरक्षेतल्या ढिलाईचा होता, आणि वेळेत तपास न करण्याचा व वेळेत न कळवण्याचा हिस्सा वेगळा मोजला. सोलापुरातही आता मोठ्या साखळ्या स्थानिक लॅब ताब्यात घेत आहेत, कलेक्शन सेंटर उघडत आहेत. लॅब घेताना यंत्रं तपासतात, जागेची कागदपत्रं तपासतात. जुन्या संगणकातले रुग्णांचे रिपोर्ट कुणाकुणाला दिसतात हे विचारणारा व्यवहार मी अजून पाहिलेला नाही.

सॉफ्टवेअर कंपन्या मात्र अगदीच सुटतात असं समजू नका. ब्रिटनमध्ये मार्च 2025 मध्ये 'अॅडव्हान्स्ड' या कंपनीला 30 लाख 70 हजार पौंडांचा दंड झाला. ती तिथल्या सरकारी आरोग्य सेवेला संगणक प्रणाली पुरवते. ऑगस्ट 2022 च्या हल्ल्यात 79,404 लोकांची माहिती गेली आणि घरी सेवा घेणाऱ्या 890 जणांच्या घरात कसं शिरायचं याचा तपशीलही त्यात होता. हल्लेखोर ज्या खात्यातून शिरला त्याला पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी नव्हती. आपल्या कायद्यात मात्र दंडाचा रोख तुमच्यावर आहे, कंपनीवर नाही. म्हणून करार महत्त्वाचा.

नियामक नेहमी बरोबरच असतो असंही नाही. टेक्सासमधल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरला, एक लॅपटॉप आणि दोन पेन ड्राइव्ह गेल्याबद्दल, 43 लाख डॉलरचा दंड झाला होता. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि जानेवारी 2021 मध्ये अपील न्यायालयानं तो रद्द केला. एन्क्रिप्शनची (किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ नये अशी) व्यवस्था संस्थेनं ठेवलेली होती, ती काही उपकरणांवर वापरली गेली नाही एवढ्यावरून कायदा मोडला असं होत नाही, आणि अशाच प्रकरणांत इतरांना दंड झाला नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. यातून माझ्या अशिलांना मी एवढंच सांगतो की काम केल्याचा लेखी पुरावा असेल तर लढता येतं.

हॅकिंगशी काही संबंध नसलेल्या चुकांबद्दलही दंड होतो आणि त्या आपल्याकडे रोज होतात. डॅलसमधल्या एका डेंटल क्लिनिकनं ऑनलाइन तक्रारीला उत्तर देताना रुग्णाच्या उपचारांचा तपशील लिहिला. 2019 मध्ये 10 हजार डॉलर भरावे लागले. आपल्याकडे गुगलवर कुणी एक तारा दिला की डॉक्टर चिडून त्याची शुगर किती होती, किती दिवस औषध घेतलं नाही, सगळं लिहून मोकळे होतात. बरे झालेल्या रुग्णाचे रील टाकण्याचं तेच. तोंडी "टाकू का?" विचारणं पुरेसं नाही. डिस्चार्जच्या दिवशी, बिल भरायचं असताना, रुग्ण नाही म्हणूच शकत नाही. आणि रुग्णाला त्याचीच फाइल न देणं हाही तिथे कायद्याचा भंग आहे: 'सिग्नेट' नावाच्या मेरीलँडच्या संस्थेला 41 रुग्णांच्या नोंदी न दिल्यावरून आणि चौकशीला सहकार्य न केल्यावरून 2011 मध्ये 43 लाख डॉलरचा दंड झाला. आपल्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांतही मागणी आल्यापासून 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात, हे बिलाच्या वादात फाइल अडवून ठेवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता आपल्याकडची स्थिती. नव्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मंडळाबाबतच्या तरतुदी लगेच लागू झाल्या. हॉस्पिटलांवरची मुख्य बंधनं 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये, लागू होतात. तोवर काही कायदा नाही असं अनेक डॉक्टर समजतात. तसं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43अ आज लागू आहे आणि 2011 च्या नियमांत वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' म्हणून नोंदल्या आहेत. खासगी हॉस्पिटलच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर रुग्ण राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे 5 कोटींपर्यंतची भरपाई मागू शकतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेचा एप्रिल 2022 चा आदेशही लागू आहे: सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आणि संगणक व्यवस्थेचे लॉग, म्हणजे कुणी केव्हा काय केलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, 180 दिवस ठेवायचे. सहा तास म्हणजे रात्रपाळीच्या आरएमओला काय करायचं ते आधीच माहीत असायला हवं. सकाळी मालक येईपर्यंत थांबलं तर वेळ संपलेली असते. एचआयव्ही कायदा 2017 रुग्णाची स्थिती गुप्त ठेवायला सांगतो आणि त्या नोंदींना संरक्षण द्यायला सांगतो. मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख उघड केली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कायदे होते, तरी आपल्याकडे संस्थांना हात फारसा लागला नाही, हे मात्र खरं. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरनं बंद पडले, ओपीडीपासून लॅबपर्यंत कितीतरी दिवस कागद-पेनवर काम चाललं. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या सीसीटीव्हीचं, महिला रुग्णांच्या तपासणीचं चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अहमदाबाद सायबर पोलिसांनी ज्यांना पकडलं त्यांत लातूर आणि सांगलीकडचेही होते. कॅमेऱ्यांचे मूळ पासवर्ड बदलले नव्हते, त्यातून शिरकाव झाला असं पुढे तपासात आलं. पोलिसांनी चोर पकडले हे योग्यच. पण तपासणीच्या खोलीत कॅमेरा बसवला कुणी, त्याला इंटरनेट जोडलं कुणी, पासवर्ड बदलला का नाही, हे प्रश्न संस्थेला विचारण्याची जागा आपल्या व्यवस्थेत आतापर्यंत नीटशी नव्हती. नवा कायदा ती जागा तयार करतो, म्हणून मी त्याच्या बाजूचा आहे.

त्याच कायद्यावर माझा एक गंभीर आक्षेपही आहे. दंडाची रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जाते, रुग्णाला त्यातला एक रुपया मिळत नाही. वर मुख्य तरतुदी लागू होतील त्या दिवशी कलम 43अ रद्द होतं, म्हणजे भरपाईचा आहे तो मार्गही बंद. अशोक चौकातल्या एखाद्या विडी कामगार बाईचा टीबीचा रिपोर्ट गल्लीभर फिरला आणि तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तर मंडळ हॉस्पिटलला दंड करेल. त्या घराचं नुकसान कोण भरून देणार? ग्राहक आयोगाचा रस्ता उरतो, पण तो लांबचा आहे. यात दुरुस्ती व्हायला हवी आणि डॉक्टरांच्या संघटनांनीही ती मागायला हवी.

हे उदाहरण मुद्दाम दिलं. सोलापुरात माहिती फुटण्याचा मुख्य रस्ता हॅकर नाही, व्हॉट्सअॅप आहे. लॅबवाला रिपोर्टचा फोटो डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकतो. ग्रुपमध्ये एमआर (औषध कंपनीचा प्रतिनिधी) असतो, मेडिकलवाला असतो, सोडून गेलेला कंपाउंडर असतो. जन आरोग्य योजनेची कागदपत्रं अपलोड करायला मुलगा स्वतःच्या मोबाइलवर आधार कार्ड, रेशन कार्ड, एक्स-रे यांचे फोटो काढतो आणि ते त्याच्या गॅलरीत वर्षानुवर्षं राहतात. टीपीएला (विमा कंपनीच्या वतीनं मेडिक्लेमचे दावे हाताळणाऱ्या संस्थेला) पाठवायच्या फायली कुणाच्या तरी खासगी जीमेलवरून जातात. नवीन संगणक आला की जुना भंगारात जातो, हार्ड डिस्कसकट. हे सगळं कायद्याच्या भाषेत 'वैयक्तिक डेटाचं उल्लंघन' आहे. व्याख्येत चुकून उघड होणं आहे, हरवणं आहे आणि रॅन्समवेअरमुळे तुम्हालाच माहिती न दिसणंही आहे. किती लोकांची माहिती गेली याची किमान मर्यादा आपल्या कायद्यात नाही. एका रुग्णाची गेली तरी कळवावं लागेल.

तुम्ही आत्ता काय करायचं? महागड्या यंत्रांपासून सुरुवात करू नका. एक दिवस काढा आणि रुग्णाची माहिती तुमच्याकडे कुठून येते, कुठे राहते, कुठे जाते हे कागदावर काढा: रिसेप्शन, ओपीडी, लॅब, सोनोग्राफीचं मशीन, मेडिकल, बिलिंग, टीपीए, योजनेचा कक्ष, अकाउंटंट, सीसीटीव्ही. प्रत्येक ठिकाणी कुणाला काय दिसतं आणि काय चुकू शकतं ते लिहा, तारीख घाला, सही करा. अमेरिकेत ज्याच्या अभावी दंड होतात ते धोक्याचं मूल्यमापन म्हणजे मुळात हेच. त्यात सापडलेल्या ज्या गोष्टी लगेच दुरुस्त होणार नाहीत त्या कधी करणार हेही लिहा आणि त्या तारखेला खरंच करा. सापडूनही सोडून दिलेली चूक कागदावर असेल तर तो कागद तुमच्याच विरुद्ध जाईल.

त्यानंतर प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, नोकरी सोडेल त्या दिवशी ते बंद, आणि ही जबाबदारी एका ठरावीक माणसाची. पगाराचा हिशेब करणारा माणूस यासाठी उत्तम, कारण कोण गेलं हे त्याला पहिल्यांदा कळतं. बाहेरून लॉगिन होत असेल तिथे ओटीपी सक्तीचा करा. बॅकअप घ्या आणि त्याची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली ठेवा. तीन महिन्यांनी एकदा ती परत चढवून पाहा, कारण चालत नसलेले बॅकअप मी फार पाहिलेत. तपासणीच्या, ड्रेसिंगच्या, लेबर रूमच्या जागेत कॅमेरा असेल तर तो आजच काढा. कामासाठी हॉस्पिटलच्या मालकीचे दोन मोबाइल घ्या, रुग्णांचे फोटो फक्त त्यांवरच. नव्या नियमांत लॉग एक वर्ष ठेवायचे आहेत, म्हणून कंपनीला आत्ताच विचारा की कुणी कोणती फाइल उघडली हे तिची प्रणाली दाखवते का. "दाखवत नाही" असं उत्तर आलं तर दुसरं सॉफ्टवेअर शोधायला लागा.

कंपनीशी करार नव्यानं करताना चार गोष्टींवर अडून बसा. घटना कळताच काही तासांत तिनं तुम्हाला लेखी कळवणं. तपासात लॉग देणं. करार संपल्यावर सगळा डेटा परत करून तिच्याकडचा पुसणं. आणि तिच्या चुकीमुळे तुम्हाला दंड झाला तर तो तिनं भरणं. शेवटच्या मुद्द्यावर कंपन्या खळखळ करतात. छोट्या हॉस्पिटलांनी एकेकट्यानं न बोलता एकत्र बोलणी केली तर त्या ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

एमआयडीसीत किंवा घरून अमेरिकी हॉस्पिटलांचं बिलिंग, कोडिंग (आजार-उपचारांना बिलासाठी सांकेतिक क्रमांक देणं) करणारे तुमच्या ओळखीत असतील तर त्यांना सांगा की त्यांच्या अमेरिकी ग्राहकावर हिपाची थेट जबाबदारी आहे आणि तो ती करारातून त्यांच्यावर आणणारच. तिथल्या एका बिलिंग आणि व्यवस्थापन सेवा देणाऱ्या कंपनीला 2023 मध्ये रॅन्समवेअर प्रकरणात 1 लाख डॉलर भरावे लागले.

आणि घटना घडलीच तर? संगणक बंद करण्याची किंवा फॉरमॅट करण्याची घाई करू नका, पुरावा जातो. नेटवर्कची वायर काढा. वेळ लिहून ठेवा: कुणाला, केव्हा, काय दिसलं. सर्ट-इनला सहा तासांत कळवा आणि शहराच्या सायबर पोलिस ठाण्यात तक्रार द्या. मे 2027 नंतर मंडळाला विलंब न करता प्राथमिक माहिती आणि 72 तासांत सविस्तर अहवाल द्यावा लागेल. ज्यांची माहिती गेली त्या रुग्णांनाही लगेच सांगायचं: काय झालं, त्याचा काय परिणाम होऊ शकतो, आम्ही काय करतोय, तुम्ही काय काळजी घ्या, कुणाला फोन करा. खंडणी देऊन गुपचूप मिटवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अमेरिकेत 'चेंज हेल्थकेअर'नं 2024 मध्ये 2 कोटी 20 लाख डॉलर खंडणी दिली, तरी पुढे त्याच माहितीवर दुसऱ्या टोळीनं धमकावलं.

रुग्णांना पाठवायचा हा निरोप आजच तयार करून ठेवा, कारण त्या दिवशी तो लिहायला डोकं ठिकाणावर नसेल. सोपा लिहा आणि एकाच भाषेत लिहून थांबू नका. कायद्यानुसार संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागण्याचा रुग्णाला हक्क आहे. तुमच्या ओपीडीत पूर्व भागातून तेलुगू बोलणारे येतात, अक्कलकोट आणि विजयपूरकडून कन्नड बोलणारे येतात, उर्दू वाचणारे येतात. तेव्हा मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार प्रती करा आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांना फोन करून सांगायचं काम कुणाचं, त्या सिस्टरचं नाव खाली लिहून ठेवा.